डबी गरम, खोली गार

बटणमावशीचं खरं नाव हॉस्पिटलच्या हजेरीत कुठेतरी असणारच, पण त्या नावाने तिला कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. हॉस्पिटलच्या लाँड्रीत ती बटणं लावायची, म्हणून बटणमावशी. चादरी, अभ्रे, पेशंटचे गाऊन आणि डॉक्टरांचे पांढरे कोट असा डोंगर रोज धुऊन, वाळून तिच्या टेबलाशी यायचा आणि त्यातलं जे तुटलंफाटलं असेल ते ती सांधायची. सगळ्यांत जास्त बटणं तुटायची ती डॉक्टरांच्या कोटांची. इतकी वर्षं शिकून आलेली माणसं, पण कोट अंगातून ओढायच्या आधी बटण सोडायचं असतं एवढं त्यांना कुणी शिकवलं नसावं, असं तिचं मत होतं. ते मत ती त्यांच्या तोंडावर सांगायची, आणि डॉक्टर हसून दुसऱ्या दिवशी आणखी एक बटण तोडून आणायचे.

लाँड्री तळघरात होती. एका बाजूला धुवायची मोठी यंत्रं, दुसऱ्या बाजूला वाळवायची, मध्ये वाफेची इस्त्री. बाहेर थंडीने बोटं वळत नसली तरी आत बाया बाह्या सरसावून काम करायच्या. थंडीच्या दिवसांत अख्ख्या हॉस्पिटलला लाँड्रीत काहीतरी काम निघायचं. वॉर्डबॉय येऊन एक टॉवेल मागायचा आणि तो टॉवेल निवडायला त्याला अर्धा तास लागायचा. मावशीला त्यात काही गैर वाटत नसे. ऊब काय कुणाच्या बापाची आहे, असं ती म्हणायची. तिला कळायचं नाही ते वेगळंच. इथे चादरींना एवढी ऊब आणि घरी माणसांना गारठा, ही वाटणी कुणी केली? "मला बाई यातलं काही कळत नाही," हे तिचं पालुपद. लोकांना वाटायचं, बाई नम्र आहे. नम्र कसली, तिला खरंच कळत नव्हतं. आणि ज्यांना कळतं असं आपण समजतो, त्यांनाही फारसं कळलेलं नसतं. ते कबूल करत नाहीत, एवढाच फरक.

पूर्वी मावशीचं घर हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत होतं. ती गल्ली पाडली, तिथे गाड्या उभ्या करायची जागा झाली आणि गल्लीतल्या लोकांना शहराच्या टोकाला नव्या वसाहतीत पक्की घरं मिळाली. पक्की म्हणजे सिमेंटची. भिंतीला पाठ टेकली की थंडी सरळ हाडात शिरायची, आणि खिडकीच्या चौकटीतून वारा असा यायचा की पडदा कायम पाहुण्याला या-बसा करत असल्यासारखा हलायचा. चाव्या देताना एक भाषण झालं होतं. प्रत्येकाच्या डोक्यावर छप्पर, असं त्यात होतं. छपराबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण छपराखाली ऊब कुठून आणायची आणि छपरापासून कामावर कसं जायचं, हे दोन मुद्दे भाषणातून राहून गेले होते.

तशी सुरुवातीला वसाहतीला बस होती. बारा नंबर. आणि ती बस चालवायचा मावशीचा नवरा. छोट्या मार्गावर ड्रायव्हरही तोच आणि कंडक्टरही तोच. दारात तिकीट द्यायचं, मग गियर टाकायचा. सगळी वसाहत त्याला बारा नंबर म्हणूनच ओळखायची. माणूस कडक. सुटे पैसे नसतील तर मंत्र्यालाही खाली उतरवला असता, पण मंत्री कधी त्या बसमध्ये चढला नाही, त्यामुळे हे सिद्ध व्हायचं राहिलं. डेपोच्या वस्तूला तो जीवापाड जपायचा. थंडीत तिकिटाच्या मशीनची बॅटरी गारठून बंद पडते, म्हणून डेपोतले जुने लोक ते मशीन कोटाच्या आत, छातीशी ठेवायचे. मावशीने त्यासाठी नवऱ्याच्या कोटाला आतून एक खास खिसा शिवून दिला होता, वर एक बटण लावून. बटण हॉस्पिटलचं होतं, पण त्याची चर्चा नको.

मग तिकीट वाढलं. तिकीट वाढलं म्हणून माणसं कमी झाली, माणसं कमी झाली म्हणून आणखी वाढलं, आणि एके दिवशी कुणीतरी येऊन बसमधली डोकी मोजली आणि बारा नंबर बंद झाली. त्याच सुमाराला बारा नंबरही रिटायर झाला. बसचे बारा वाजले तसे माझेही वाजले, असं तो हसत म्हणायचा, आणि हसता हसता त्याला खोकला यायचा. छातीचं दुखणं जुनं होतं. आयुष्यभर गार वाऱ्यात दार उघडबंद केल्याचं, असं तो म्हणायचा. सिगरेटचं नाव तो घेत नसे.

आता राहिली मोठ्या रस्त्यावरची सकाळची एक बस, तीही पायपीट करून गाठायची. संध्याकाळी तीही नाही. संध्याकाळी हॉस्पिटलच्या फाटकाशी शेअरच्या गाड्या उभ्या असायच्या. त्यात बसावं तर त्या दिवशी घरचा हीटर लागत नाही, आणि हीटर लावावा तर गाडीत बसता येत नाही, असा मावशीचा हिशोब होता. विजेचं मीटर फोनसारखं. आधी भरायचं, मग जाळायचं. म्हणून मावशी पायी यायची आणि नवऱ्याला सांगायची, गाडीने आले. तो दिवसभर हीटर बंद ठेवायचा, ती यायच्या जरा आधी लावायचा आणि सांगायचा, केव्हाचा चालू आहे. तिच्या नाकाचा शेंडा लाल बघून त्याला कळायचं ती कशी आली ते. हीटरच्या जाळीवर हात धरून तिला कळायचं तो केव्हा लावला ते. दोघंही काही बोलत नसत. इतक्या वर्षांच्या संसारात एकमेकांचं खोटं पकडायचं नसतं एवढी समज दोघांना आली होती.

ती आली की तो अंगातला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकायचा. डेपोचा जाड, अस्तराचा निळा कोट. रिटायर झाल्यावर तेवढाच सोबत आला होता. "घे, तापवून ठेवलाय," असं म्हणायचा. ती म्हणायची, "मी काय चादर आहे का?" आणि तोंडाने असं म्हणत कोट गळ्यापर्यंत ओढून घ्यायची. मग दोघं हीटरसमोर चहा घ्यायचे. दिवसातला हा एवढाच वेळ सुखाचा, आणि तो रोज होता, म्हणून मावशीला आपलं बरं चाललंय असं वाटत आलं होतं.

यंदा मात्र छातीच्या डॉक्टरने निक्षून सांगितलं. हाच तो डॉक्टर, ज्याच्या कोटाचं वरून दुसरं बटण कधीच जागेवर नसायचं. तो म्हणाला, "मावशी, औषध मी देईन. पण या थंडीत ह्यांना दिवसरात्र उबदार खोली हवी. घरी जमत नसेल तर जमेल तिथे ठेवा."

जमेल तिथे म्हणजे लेकीकडे. लेक दुसऱ्या गावी, जावयाचं घर उबदार, माणसंही उबदार. लेक तर केव्हापासून मागे लागली होती. पण तिथे जायचं तर दोन ठिकाणी गाड्या बदलायच्या, आणि एकदा तो तिकडे गेला की मावशीचं रविवारी जाऊन यावं म्हणणंही बोलाचंच राहणार होतं. नोकरी सोडून तीही जाऊ शकत नव्हती. नोकरी होती म्हणून औषध होतं. थोडक्यात, खोली गरम झाली तर नवरा घरी, नाही तर थंडी सरेपर्यंत तो एकीकडे आणि ती एकीकडे. आणि त्या छातीचा काय भरवसा, हा विचार मावशी अर्ध्यावरच सोडून द्यायची.

लाँड्रीतल्या मोठ्या बाईने तिला सांगितलं की सरकारची योजना आहे; गारठलेल्या घरांच्या भिंतींना आतून अस्तर लावून देतात आणि आजारी माणसाच्या घरी विजेत सूट देतात. मावशी अर्धा दिवस सुटी टाकून गेली. एका मोठ्या इमारतीत दोन खाती होती. त्यांची नावं लांबलचक होती, पण लोकांनी ती सोयीची करून घेतली होती. वरच्या मजल्यावर उबेचं खातं आणि खाली वाटेचं खातं.

उबेच्या खात्यातला माणूस म्हणाला, "तुमचं विजेचं बिल तर फारच कमी आहे. एवढी कमी वीज लागते म्हणजे घर चांगलं उबदार दिसतंय."

मावशी म्हणाली, "अहो, लागते खूप. आम्ही जाळत नाही."

"का?"

"गाडीला पैसे उरावेत म्हणून."

"गाडीचं खाली," तो म्हणाला.

ती खाली गेली. वाटेच्या खात्यातल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही रोज संध्याकाळी गाडीने जाता?"

"नाही, पायी."

"मग प्रवासाचा खर्च शून्य."

"पण बस नाही म्हणून पायी ना? आमची बारा नंबर सुरू करा."

"सुरू करायची तर त्या वाटेने माणसं जातात असं दिसायला हवं."

"जातात की. सगळी वसाहत जाते."

"कशाने?"

"पायी."

"मग जमतंय ना पायी," बाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. उलट पायी चालणं तब्येतीला चांगलं असतं हेही त्यांनी आपुलकीने सांगितलं. मावशी बाहेर येऊन पायरीवर बसली. तिने पुन्हा पुन्हा मनात मांडून पाहिलं. ज्याच्याकडे नाही तो वापरत नाही. वापरत नाही म्हणजे त्याला लागत नाही. लागत नाही म्हणजे त्याला द्यायचं कारण नाही. बोललेला एकेक शब्द बरोबर होता, आणि सगळं मिळून काहीतरी भलतंच झालं होतं. टाका उसवला आहे हे दिसतंय पण दोरा कुठून सुटलाय ते सापडत नाही, तसं तिचं झालं.

तिथेच पायरीवर तिला मोजणीवाली भेटली. उबेच्या खात्याकडून घरोघरी फिरणारी तरुण बाई. तिने विचारलं, मावशीने सांगितलं, आणि मोजणीवाली म्हणाली, "बिलावर जाऊ नका. मी तुमच्या घरी डबी लावते. ती खोली किती गार आहे ते आपोआप टिपून ठेवते. डबी बोलली की साहेबांनाही ऐकावं लागतं."

डबी आली. पांढरी, साबणाच्या वडीएवढी, वर एक बारीक हिरवा दिवा. मोजणीवालीने ती खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगली. "पंधरा दिवसांनी न्यायला येईन. तोवर डबी आहे हे विसरून जा. जसं रोज राहता तसंच राहा," असं सांगून ती गेली. घाईत होती, पुढे आणखी बरीच घरं होती.

आता सरकारी वस्तू घरात आली आणि बारा नंबरने तिला विसरून जावं, हे कसं व्हायचं? दुसऱ्या दिवशी मावशी कामावर गेल्यावर तो डबीसमोर खुर्ची टाकून बसला. खिडकीतला वारा थेट डबीवर येत होता. हिरवा दिवा त्याला सकाळपेक्षा मंद वाटला. तिकिटाच्या मशीनचा दिवा बॅटरी जायच्या आधी असाच मंद व्हायचा. डबी बंद पडली तर टिपणार काय? टिपलं नाही तर मिळणार काय? आणि वर सरकारी वस्तू बिघडवली हा ठपका. आयुष्यभर एक मशीन कधी बंद पडू दिलं नाही त्या माणसाने. त्याने खिळ्यावरची डबी काढली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरचं बटण लावलं. खिसा बायकोचा, डबी सरकारची आणि छाती त्याची. थोड्या वेळाने बाहेर काढून बघितलं तर दिवा ठणठणीत. मग काय, दिवसभर डबी छातीशी, रात्री कोट पांघरुणात तर डबीही पांघरुणात. फक्त संध्याकाळी बायकोला कोट द्यायच्या वेळी तो डबी काढून खिडकीच्या फळीवर ठेवायचा आणि झोपायच्या आधी कोट परत घेतला की पुन्हा खिशात.

मावशीला संध्याकाळी डबी फळीवर दिसायची. खिळ्यावरून फळीवर का आली, असं तिने एकदा विचारलं. "पडेल बिडेल म्हणून," तो म्हणाला. खिळा जरा ढिला होताच, तिला पटलं.

पंधरा दिवसांनी मोजणीवाली डबी घेऊन गेली आणि आठवड्याभरात दोघांना उबेच्या खात्यात बोलावणं आलं. मावशीने लाँड्रीतून खास इस्त्री केलेला सदरा नवऱ्याला घातला, वर कोट. शेअरच्या गाडीने दोघं गेले. एका दिवसाची चैन, आता काय, काम होणारच आहे, असं ती म्हणाली.

साहेब वयाने लेकीएवढा होता. चांगला माणूस, त्याने आधी चहा मागवला. मग समोरचा कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक रेघ होती. रेघ उंचावरून टेबलासारखी सपाट चालली होती आणि मध्येमध्ये तिला खोल खड्डे पडले होते.

"हे तुमचं घर," साहेब म्हणाला. "मी आजवर इतकी घरं बघितली, पण एवढं गरम घर नाही बघितलं. इतकी ऊब तर आमच्या ऑफिसातही नाही. रात्री, पहाटे, केव्हाही बघा, खोली तापलेली. आजी, तुम्ही जाळता तरी काय?"

मावशी पडद्याकडे बघत राहिली. तिला वाटलं दुसऱ्याच कुणाची रेघ लावली असेल. तसं तिने विचारलंही. साहेबाने डबीचा नंबर दाखवला. नंबर त्यांचाच.

"एकच समजत नाही," साहेब म्हणाला, "हा रोज संध्याकाळचा खड्डा. दिवसभर घर गरम आणि संध्याकाळी एकदम गारठा. या वेळी तुम्ही काय करता? खिडक्या उघडता का?"

मावशीने खड्ड्याखालची वेळ वाचली. ती तिची घरी यायची वेळ होती. म्हणजे तिच्या पाठीमागे घर गरम असतं आणि ती आली की गार होतं? पंधराही दिवस, रोज, ती दारातून आत आली की ऊब उठून निघून जाते? तिने नवऱ्याकडे बघितलं. "अहो, मी आले की घर गार पडतं?" असं ती खरोखरच विचारून बसली.

बारा नंबर खाली मान घालून कोटाचं बटण चाचपत होता. मग त्याने ते बटण सोडलं, आतला रिकामा खिसा उलटा करून टेबलावर दाखवला आणि म्हणाला, "साहेब, इथे ठेवली होती. गारठून बंद पडू नये म्हणून. आमच्याकडे तशी पद्धत आहे." मग त्याने पुढचंही सांगून टाकलं. "ही आली की कोट हिला देतो. तेवढा वेळ ती बाहेर असायची."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. ज्याच्या छातीसाठी डबी आणली, त्याच्याच छातीने डबीला फसवलं. आणि तो खड्डा, तेवढाच काय तो खरा. हीटर लावलेला असताना, दोन माणसं त्याच्यासमोर बसलेली असताना, त्यांच्या सुखाच्या वेळी, खोली तेवढी गार असायची. मावशीला आजवर वाटत आलं होतं की तो वेळ तरी उबदार असतो.

साहेबाने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि मग ते आपोआपच विरलं. "माझा विश्वास आहे," तो म्हणाला. "पण डबीने जे टिपलं ते मला बदलता येत नाही. डबी पुन्हा लावू. यावेळी भिंतीवरच राहू दे. आणि आजोबा, नेहमीसारखं राहा. ढवळाढवळ नको."

"पुन्हा केव्हा?" मावशीने विचारलं.

"रिकामी झाली की. नंबर लागलेत."

नंबर लागेपर्यंत थंडीने काही वाट बघितली नाही. एका पहाटे बारा नंबरला श्वास घेता येईना. तो हॉस्पिटलात राहिला, सुदैवाने बायकोच्या लाँड्रीच्या वरच्याच मजल्यावर, तिने स्वतः बंद लावलेल्या गाऊनमध्ये. तिथे ऊब होती. तिथे तो बरा झाला. बरा झाला म्हणून घरी सोडायची वेळ आली, आणि घर तर तेच. लेक आणि जावई गाडी घेऊन आले आणि त्याला तिथूनच घेऊन गेले. निघताना त्याने कोट मावशीच्या खांद्यावर टाकला. "तिकडे लागायचा नाही," तो म्हणाला. ती म्हणाली, "तापवलेला नाही हा." तो म्हणाला, "चालताना तापेल. तू कुठे गाडीने येतेस?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने तिचं खोटं पकडलं, आणि तेही जाता जाता.

मग डबी आली. मोजणीवालीने नवा खिळा ठोकला, घट्ट, खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीवर. "आता नेहमीसारखं राहा," ती म्हणाली.

मावशीने त्या शब्दावर बराच विचार केला. नेहमीसारखं म्हणजे कसं? नेहमी संध्याकाळी हीटर असायचा. पण तो त्याच्यासाठी होता, आणि तो तर इथे नाही. म्हणजे हीटर न लावणं नेहमीसारखं? का लावणं? लावला आणि खोली जराशी तापली, तर साहेब म्हणेल गरम आहे, मग अस्तर नाही, सूट नाही, आणि नवरा परत यायचा नाही. नाही लावला, तर डबी गारठ्याचं खरं तेच टिपेल. पण आपण मुद्दाम लावला नाही, मग ते खरं कसलं? नवरा डबीला जपायला गेला तर खोटं झालं. आपण काहीच करत नाही आहोत, तरी हेही खोटंच वाटतंय. रविवारी लेकीकडे जाऊन नवऱ्यालाच विचारावं असं मनात आलं. पण त्या खर्चात हीटरची वीज आली असती, आणि हीटर लावायचा नव्हता, म्हणजे मग ते पैसे होते का नव्हते? लाँड्रीत मोठ्या बाईला विचारलं तर ती म्हणाली, "तू फार विचार करतेस." डॉक्टरला विचारलं तर त्याने बटण तुटलेला कोट पुढे केला.

त्या दिवशी ती चालत घरी आली. हीटरजवळ जाऊन उभी राहिली, बटणावर हात ठेवला आणि काढून घेतला. मग कोट घालूनच खुर्चीत बसली. चालून चालून कोट जरा तापला होता, पण बसल्यावर पाचेक मिनिटांत गार झाला. आत माणूस असेल तेवढीच कोटाची ऊब असते, हे तिला इतक्या वर्षांत कधी कळायची वेळच आली नव्हती. समोर भिंतीवर डबीचा हिरवा दिवा लागलेला होता.

फोन वाजला. तिकडून तो खोकल्याशिवाय बोलत होता. आवाज चांगला होता.

"आलीस का?"

"आत्ताच. गाडीने आले."

"बरं. हीटर लावलास?"

मावशीने डबीकडे बघितलं. "केव्हाचा लावलाय," ती म्हणाली. "खोली छान तापलीय."

त्यालाही ते खोटं माहीत होतं. ते मुळात त्याचंच होतं, इतकी वर्षं तो तिला तेच सांगत आला होता. "डबी कुठाय?" त्याने विचारलं.

"भिंतीवर. हात लावलेला नाही."

"दिवा नीट आहे ना? मंद नाही ना झाला?"

"नाही."

"गारठू देऊ नकोस तिला," असं तो सवयीने बोलून गेला, आणि लगेच म्हणाला, "नाही, नाही. गारठू दे."

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. तिच्या तोंडातून वाफ निघत होती आणि सरळ भिंतीकडे जात होती. तिने खुर्ची उचलली, वळवली आणि डबीकडे पाठ करून बसली, म्हणजे आपल्या श्वासाने ती तापायला नको.